आम्ही भाभीचं माहेर झालो

मला सत्कार करायची भारी हौस. नवा तलाठी रुजू झाला, सत्कार. कुणाचं पोरगं पोलिसात लागलं, सत्कार. चौतीस वर्षं मास्तरकी केली, त्यात शिकवण्यापेक्षा प्रास्ताविकंच जास्त केली असं बायको म्हणते, आणि खोटं म्हणत नाही. माईक हातात आला की मी माझा राहत नाही. आखाडा बाळापुरात फेटा कोण घट्ट बांधतो, हार कुणाकडचा ताजा असतो, पाहुण्याच्या आधी सरपंचाचं नाव घ्यायचं की नंतर, हे सगळं मला विचारून होतं. एवढ्या जणांच्या गळ्यात हार घातले, कधी पस्तावा झाला नाही. गेल्या पोळ्याआधी एक सत्कार केला, त्याचा मात्र होतो, आणि तो आता मी मरेपर्यंत जायचा नाही.

तो सत्कार भाभीचा. भाभी म्हणजे आमच्या शेजारची बाई, सिंधमधून आलेली. बारा-तेरा वर्षांपूर्वी नवरा-बायको तीर्थयात्रेच्या व्हिशावर इकडं आले आणि परत गेलेच नाहीत. काहून आले, हे मी तिच्या नवऱ्याला एकदाच विचारलं. "दुकान जाळलं, गुरुजी," एवढंच तो म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही. त्यांचा लांबचा एक नातेवाईक इथं कापडाच्या धंद्यात होता, त्याच्या ओळखीनं त्यांनी आमच्या भिंतीला लागून दोन खोल्या घेतल्या. नवरा मोटारसायकलला चादरींचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करायचा. आज शिरड शहापूर, उद्या आणखी कुठं, कधी पार पुसेगावापर्यंत. गल्लीनं आधी त्यांना 'पाकिस्तानवाले' म्हटलं. मग भाभीनं कुणाच्या बाळंतिणीला तेल लावलं, कुणाच्या लग्नात पुऱ्या लाटल्या, कुणाच्या म्हाताऱ्याला चार दिवस खिचडी नेऊन दिली, आणि ती सगळ्यांची भाभी झाली. मराठीही शिकली, ती आमच्या बायकांचीच. "काहून हो गुरुजी, जेवून राहिले का?" असं ती भिंतीवरून विचारायची तेव्हा नवखा माणूस फसायचा.

मूलबाळ म्हणाल तर एक लेक. हे दोघं निघायच्या आधीच तिचं लग्न तिकडं करून दिलेलं. तिच्या सासरची माणसं हलायला तयार नव्हती. वर्षा-दोन वर्षांत येऊन भेटते, असं भाभी तिला सांगून आली होती. त्याला बारा दिवाळ्या झाल्या. दर दिवाळीला भाभी लेकीसाठी एक साडी घ्यायची आणि डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवायची. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "पण ती तिकडं साडी नेसते का?" भाभी म्हणाली, "मी नेली तर नेसंल."

त्यांच्या कागदांचं काम माझ्याकडं. मला कागदाचा नाद आहे, अक्षरही बरं आहे. व्हिसा वाढवायचा, पोलिसात नोंद करायची, जिल्ह्याबाहेर जायचं तर अर्ज टाकायचा. नांदेड आम्हाला किती जवळ, पण जिल्हा दुसरा. भाभीला डोळे दाखवायला न्यायचं तरी आधी मी अर्ज लिहायचो. तिला मी पहिला धडा दिला तो असा, "भाभी, कचेरीत कागद दिला की पावती मागायची. सायेब चिडू दे, उद्या या म्हणू दे, शिक्क्याची पावती हातात पडल्याबिगर उठायचं न्हाई. पावती न्हाई म्हंजे कागद दिलाच न्हाई." हे तिनं इतकं मनावर घेतलं की पिठाच्या गिरणीतही ती पावती मागायची. गल्ली हसायची. ती मात्र एकूण एक पावती पिशवीत घालून लेकीच्या साड्यांखाली ठेवायची. माझी याहून हुशार विद्यार्थिनी झाली नाही.

मधे एकदा गल्लीच्या कोपऱ्यावरची म्हातारी वारली. सवाष्ण गेली. सकाळी गेली, पण दुपार टळेपर्यंत नेली नाही, कारण तिच्या माहेरचं लुगडं यायचं होतं. भाचे शिरड शहापूरकडून लुगडं घेऊन आले, ते तिच्या अंगावर घातलं, मगच उचलली. भाभी माझ्या बायकोशेजारी उभी राहून सगळं बघत होती. बायकोनं तिला सांगितलं, की बाई सासरी कितीही वर्षं राहिली तरी जाताना माहेरचं कापड लागतंच, न्हाईतर तिच्यामागं कुणी नव्हतं असं होतं. भाभी म्हणाली, "आमच्यात बी हेच. पेक्यांचं कापड." पेके म्हणजे त्यांच्या भाषेत माहेर. तेव्हा आम्ही नवरा-बायकोनं मान हलवली आणि घरी आलो.

मग तो नागरिकत्वाचा नवा कायदा लागू झाला. मला तर अंगात आल्यासारखं झालं. महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. आल्याचे पुरावे, राहिल्याचे पुरावे, फोटो, हलफनामे. आणि एक हलफनामा असा लागतो की इथल्या नागरिकानं लिहून द्यायचं, मी यांना ओळखतो, यांची चालचलणूक चांगली आहे. तो मी दिला. सही करताना छाती फुगली होती, खोटं काहून बोलू. फाईल वर गेली. भाभीच्या हातात पावती पडली, ती तिनं कपाळाला लावली.

आणि सोयाबीन काढायच्या दिवसांत तिकडून फोन आला की लेकीच्या किडन्या गेल्यात. डॉक्टर म्हणतात, वर्ष काढील, न्हाई काढील.

भाभी दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या ओट्यावर येऊन बसली. चहा घेतला नाही.

"गुरुजी, पंधरा दिवस जाऊन येते. जुना पासपोर्ट हाय अजून. परवानगीचा अर्ज लिहून द्या."

मी चिडलो. मला चिडायची खोड आहे, वर्गातली. "आता? फाईल टेबलावर गेली अन् आता पाकिस्तानात जाता? उद्या कुणी विचारलं की या बाईला तिकडंच जायचं व्हतं तर इथं अर्ज काहून केला, तर काय सांगू? पहिल्यापासून सुरुवात व्हईल. बारा वर्षं पाण्यात."

"पोरगी लई बीमार हाय हो."

"मला कळतं. पण दम धरा. कागद येऊ द्या हातात. मंग इथला पासपोर्ट काढू अन् ताठ मानेनं जा. मी आहे ना."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिनं माझ्याशी हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं. नवऱ्यानंही फार ताणलं नाही, गुरुजी म्हणतात तर असंल. बारा वर्षं माझा एकही कागद चुकला नव्हता, म्हणून तिनं हेही ऐकलं. आणि मी ते कशाच्या आधारावर सांगितलं? कुणी सायबानं सांगितलं नव्हतं. कुठं वाचलं नव्हतं. मला आपलं वाटलं. एवढ्या ठसक्यात बोललो की मलाच तो नियम वाटायला लागला.

हळद शिजवायच्या दिवसांत सीमा बंद झाली. टीव्हीवर दिवसभर तेच. इथले पाकिस्तानी परत पाठवून राहिले, अशी बोंब उठली. आमच्या गल्लीतही पोलीस येऊन कागद बघून गेले. भाभीचे कागद चोख होते, मीच केले होते, त्यांना जायची गरज पडली नाही. मी गल्लीभर सांगत सुटलो, बघा, कागद असला की असं असतं. रस्ता बंद, व्हिसे बंद, टपालसुद्धा बंद. तेवढे मोबाईलवरचे फोन चालू राहिले. त्यावर भाभीला लेक दिसायची. दर वेळी थोडी कमी दिसायची, असं बायको म्हणाली. मी बघायला गेलो नाही. मला धीर नव्हता.

श्रावणात नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आलं. ते घ्यायला मी दोघांबरोबर हिंगोलीला, जिल्ह्याच्या कचेरीत गेलो होतो. तिथं कागदपत्रं बघून देणारा एक माणूस भला होता. सह्या चालल्या होत्या तेव्हा मी त्याला सहज विचारलं, की मागं यांना पंधरा दिवस जाऊन यायचं होतं, मी जाऊ दिलं न्हाई, बराबर केलं ना? तो म्हणाला, "काहून हो? परवानगी काढून जाता आलं असतं. लोक जाऊन आले की." भाभी तीन हातांवर बसली होती. तिनं ऐकलं की नाही मला माहीत नाही. तिनं पावती मागितली आणि प्रमाणपत्र ओढणीत गुंडाळलं. परतीच्या एसटीत तिचा नवरा रडला, आनंदानं. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

माणसानं अशा वेळी तोंड बंद ठेवून घरी बसावं. मी सत्कार ठेवला. आणि नेहमीपेक्षा मोठा ठेवला, आता कळतं की काहून ठेवला. शाळेचं पटांगण, मांडव, सरपंच, गावातले मानकरी. तिच्या नवऱ्याला फेटा बांधला. भाभीसाठी बायको म्हणाली, शाल काय कामाची, बाईमाणसाची ओटी भरायची, आणि माहेरची म्हणून साडी द्यायची. बायकोनं स्वतः जाऊन हिरवी साडी आणली, चांगल्या काठाची. पाच बायकांनी भाभीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंडं आमच्या शेतातली. भाभीनं सलवार-कमीजवर ओढणीचा पदर पसरून ती ओटी घेतली, आणि मांडवात सगळ्या बायका डोळे पुसायला लागल्या.

मी माईक घेतला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं, "आतापर्यंत आमी हिला भाभी म्हणलो. भाभी म्हंजे परक्याच्या घरून आलेली. आजपासून भाभी न्हाई, ताई. आजपासून हे गाव तिचं माहेर, अन् मी तिचा भाऊ. माहेर काय असतं ते बाळापूर दाखवून देईल." टाळ्या पडल्या. खूप पडल्या. भाभीनं ओढणी पुढं ओढली होती, तिचा चेहरा मला दिसला नाही. मला तो बघायचाही नव्हता. एसटीतून उतरल्यापासून मी तिच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता.

पोळा झाला. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी बायको अनारसे करत होती, मी मखराला दोऱ्या बांधत होतो. दुपारची वेळ. भिंतीपलीकडून आवाज आला. तो रडण्याचा नव्हता, कुणी पोटात लाथ मारल्यावर येतो तसा होता. बायको कढई उतरवून धावली, मी तिच्या मागं.

नवरा बाजाराला गेलेला. भाभी जमिनीवर बसली होती, हातात मोबाईल. त्यात बायकांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांच्यामधे खाली कुणी तरी निजलेलं. तिची विहीण तिच्याशी बोलत होती. आम्हाला शब्द कळत नव्हते. मग त्या विहिणीनं एक लाल कापड फोनसमोर धरलं. नवंकोरं, घडी न मोडलेलं, वरची पिशवीसुद्धा तशीच. भाभीनं हात उचलला आणि तळवा मोबाईलच्या काचेवर ठेवला. ठेवूनच राहिली. तिकडं त्यांना तेवढा वेळ नुसता अंधार दिसला असंल.

हात काढल्यावर ती आमच्याकडं वळली आणि मराठीत बोलली. "बाजारातनं आणलं त्यांनी. म्हणतात, पेक्यांचं म्हणून घालतो, तुमी हात लावा."

बायकोनं तिला कवेत घेतलं. मी दारातच उभा होतो. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

तिसऱ्या दिवशी भाभी आमच्याकडं आली. तिनं आधी माझ्या बायकोला विचारलं, मग आत पाऊल टाकलं, सुतकातली म्हणून. काखेत ती हिरवी साडी. सत्काराची. घडी तशीच.

"गुरुजी, विहीण म्हणते, आई-बापाचं कापड बारा दिवसांच्या आत पोचलं तरी चालतं. तिच्या नावानं पूजेत ठेवून नणंदेला देतात. माझ्या पोरीला भाऊ न्हाई. मामाच लागतो. तुमी मला ताई म्हणले, मंग तुमी तिचे मामा झाले. हे तुमी पाठवा."

मी म्हणालो, "पेटीत बारा साड्या आहेत ना, ताई, तिच्यासाठी घेतलेल्या."

"त्या मी घेतल्या. माहेरनं दिलेली हीच हाय."

मला सांगायचं होतं की टपाल बंद आहे. तिलाही ते माहीत असणार, चार-पाच महिने टीव्हीवर तेच चाललं होतं. पण मागच्या खेपेला तिनं ओट्यावर येऊन एक गोष्ट मागितली होती आणि मी नाही म्हटलं होतं. पुन्हा तिच्या तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी साडी घेतली. बायकोनं ती मांजरपाटाच्या पिशवीत घालून तोंड शिवलं. मी पत्ता लिहिला, माझ्या चांगल्या अक्षरात. गाव, तालुका, जिल्हा, आणि खाली देशाचं नाव.

पोस्टात खिडकीवर माझाच एक विद्यार्थी आहे. त्यानं पार्सल उलटंसुलटं करून पत्ता वाचला आणि माझ्याकडं बघितलं.

"गुरुजी, हे जात न्हाई. तुमाला तर माहीतच हाय."

"माहीत आहे. वजन तर कर."

"वजन करून काय करू?"

"कर, बाबा."

त्यानं काट्यावर ठेवलं. आकडा सांगितला. मी हो म्हटलं, जसा काही आकडा मोठा होता म्हणून मी पाठवत नाही. मग पार्सल त्यानं खिडकीतून हळूच माझ्याकडं सरकवलं. मागं दोन बायका भरणा करायला उभ्या होत्या. मी बाजूला झालो.

घरी मी मागच्या दारानं आलो. पार्सल कपाटात माझ्या जुन्या हजेरीपटांखाली ठेवलं. बायको बघत होती. तोंड धुतलं, आणि पुढच्या दारानं भाभीकडं गेलो. ती उंबऱ्यातच बसली होती. मागं भिंतीवर नवऱ्यानं प्रमाणपत्राची चौकट लावली होती, तिला सत्कारातला हार अजून तसाच, वाळलेला.

"पाठवलं का?"

"व्हय," मी म्हणालो. "पाठवलं."

तिनं डोळे मिटून हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही. मग उजवा हात माझ्यापुढं केला, तळवा वर. बारा वर्षं मी तिला शिकवलं होतं तसाच.

"पावती, गुरुजी?"

मी वरचा खिसा बघितला. मग बाजूचा बघितला, मग दुसरा. दुसऱ्यात घराची किल्ली होती. ती माझ्या हातांकडं बघत होती. मी पुन्हा वरच्या खिशात हात घातला. किती वेळ मी असा स्वतःला चाचपत उभा राहिलो ते सांगता येणार नाही. शेवटी तिनंच हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "उन्हात काहून उभे राहिले? आत या, चहा ठेवते."

मी आत जाऊन बसलो. तिनं चहा दिला, तो मी प्यालो.